शनिवारची सभा भरणारच

खानझोडे सर गेल्याचं मला प्रभाकरने सांगितलं. मी शिकवते त्या कॉलेजच्या स्टाफरूमच्या दारात तो काळ्या कोटातच उभा होता, कोर्टातून तडक आलेला. "शांता, सर गेले. काल सकाळी, रामटेकला," एवढंच म्हणाला. आणि मी काय करावं? मी त्याच्यावर ओरडले. "तुला कुणी सांगितलं? खात्री केलीस का?" बातमी आणणाऱ्याला आधी पुरावा विचारायचा ही खोड आम्हा दोघांनाही सरांनीच लावलेली. त्यामुळे प्रभाकर रागावला नाही. त्याने खिशातून रुमाल काढला, चष्मा पुसला आणि म्हणाला, "केली. काल मी जाऊनच आलो तिथून."

त्याला आता महिना उलटून गेला. मधल्या दिवसांत सरांवर दोन-तीन ठिकाणी लिहून आलं. मृदू स्वभावाचे, अजातशत्रू, ऋषितुल्य... मी वाचत गेले आणि माझं डोकं फिरत गेलं. ऋषितुल्य! सरांना चहा गार मिळाला तर ते पोऱ्याला हाक मारून तो परत पाठवत, आणि वर्गात कुणी "असं पुस्तकात लिहिलंय" म्हणालं की त्याची अशी हजेरी घेत की बिचारा आठवडाभर पुस्तकाला हात लावत नसे. आणि अजातशत्रू म्हणणाऱ्यांनी तर कमालच केली. ज्या कॉलेजने त्यांना घालवलं, त्याच कॉलेजच्या शोकसभेत त्यांना "आमचे लाडके सर" म्हटलेलं मी या कानांनी ऐकलं. गेलेल्या माणसाबद्दल चांगलं बोलावं हे मला मान्य आहे. पण चांगलं म्हणजे खोटं नव्हे. सरांना घालवलं गेलं, का घालवलं गेलं आणि त्यात माझा हात किती होता, हे सगळं मला ठाऊक आहे, आणि ते सांगायला आता दुसरं कुणी पुढे येईलसं दिसत नाही. म्हणून मी लिहिते आहे.

देशातल्या पहिल्या मोठ्या निवडणुका नुकत्याच आटोपल्या होत्या तेव्हा मी कॉलेजात आले. आमचं घर कोष्ट्यांचं. इतवारीच्या पलीकडच्या मोहल्ल्यात बाबा मागावर बसत, आई सुताच्या कांड्या भरी, आणि घरातली एक पोरगी राज्यशास्त्र शिकते म्हणजे नेमकं काय करते हे कुणालाच सांगता येत नसे. खरं म्हणजे मलाही येत नव्हतं. दुसरे एक प्राध्यापक आम्हाला राज्य या शब्दाच्या व्याख्या उतरवून देत. एकाखाली एक, सगळ्या साहेबांच्या. त्या पाठ करायच्या आणि परीक्षेत ओकायच्या. खानझोडे सर पहिल्याच दिवशी हात हलवत आले, ना वही ना पुस्तक. खुर्चीवर बसलेही नाहीत. "तुमच्या गल्लीतला रस्त्यावरचा दिवा कोण लावतं?" त्यांनी विचारलं. कुणाला माहीत? "कुणाच्या हुकमाने लागतो? आणि नाही लागला तर कुणाची मान धरायची?" आम्ही वह्या चाळायला लागलो. "मग आज इथे तुमचं काही काम नाही. जा, विचारून या." आणि गेले निघून! अर्धा वर्ग हसला, काहींनी दुसऱ्याच दिवशी विषय बदलला. मी मात्र संध्याकाळी दिवेवाल्याच्या मागे मागे मोहल्लाभर हिंडले आणि आईच्या शिव्या खाल्ल्या.

त्यातूनच शनिवारची सभा निघाली. शनिवारी दुपारी सर शिकवत नसत. बाकं दोन्हीकडे सरकवायची, मधे टेबल, टेबलावर घंटी. तेव्हा नागपूर राजधानी होतं, विधानसभा टांग्याच्या अंतरावर होती. सर आम्हाला एकदा तिच्या गॅलरीत बसवून आले आणि म्हणाले, "पाहिलंत? आता यांच्यापेक्षा बरी चालवून दाखवा." दर आठवड्याला नवा अध्यक्ष, आम्हा मुलांतलाच. सर स्वतः मागच्या बाकावर जनता म्हणून बसत आणि हात वर करून परवानगी मिळाल्याशिवाय त्यांना तोंड उघडता येत नसे. त्यांचा एक नियम भारी जाचक होता. ज्याला जे पटतं त्याच्या विरुद्ध बाजूने त्याने बोलायचं. प्रभाकर सावनेरकडच्या मालगुजाराचा, म्हणजे जमीनदाराचा मुलगा. नव्या कायद्याने मालगुजारी गेली म्हणून त्याच्या घरी सुतक असल्यासारखं वातावरण, आणि सरांनी त्याला ती जायलाच हवी होती यावर उभं केलं. तो असा बोलला की मला वाटलं आता याला घरी जेवायला मिळत नाही. माझ्या वाट्याला आलं : मुलींनी कॉलेजात येऊ नये. मी घरी जाऊन रडले. मग डोळे पुसून मोहल्ल्यातल्या बायका मला उद्देशून जे जे म्हणत ते सगळं आठवून आठवून तयार केलं आणि सभेत घडाघडा म्हणून दाखवलं. मतदान झालं, तर माझा ठराव पास! मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. सर हसले नाहीत. हात वर करून म्हणाले, "अध्यक्ष महाराज, हा ठराव हाणून पाडायचा ठराव पुढच्या शनिवारी मांडावा, अशी जनतेची विनंती आहे." पुढचा अख्खा आठवडा मी वाचनालयात काढला आणि तो ठराव हाणून पाडला. राज्यशास्त्र मला त्या दोन शनिवारांत कळलं. व्याख्या मी आजही विसरते.

आता नळाची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यातला सार्वजनिक नळ त्या उन्हाळ्यात बंद पडला होता. कोष्ट्यांच्या वस्तीला पाणी नुसतं प्यायला लागत नाही. सुताला खळ, म्हणजे कांजी, द्यायची तर पाणी हवंच, आणि खळ नाही तर माग बंद. सरांनी विषय मागवले तेव्हा मी नळाचा दिला. नगरसभेची बैठक आहे असं समजून कुणी सभासद, कुणी नळखात्याचा प्रमुख, कुणी विरोधक व्हायचं ठरलं. घरी मी जेवताना बोलून गेले की शनिवारी आमच्या सभेत आपल्या नळाचा ठराव येणार आहे. काशीआत्या तिथेच बसली होती. माझी थोरली आत्या, लुगड्याचा काष्टा आणि आवाज दोन्ही कडक. तिने मोहल्लाभर केलं, "आपली शांती सभेत हाये. शनवारी नळाचं होऊन राहिलं. चाला वं समद्या!"

शनिवारी दुपारी ठराव मांडून मी नुकती खाली बसले होते, तोच दारात रिकाम्या घागरींचा खडखडाट झाला. काशीआत्या, तिच्यामागे दहा-बारा बायका, शिपाई त्यांच्यापुढे हात जोडून उभा. वर्ग आधी गोंधळला आणि मग खो खो हसत सुटला. अध्यक्षाने घंटी बडवली, "बाहेरच्यांना प्रवेश नाही!" मला माझ्या माणसांची लाज वाटत होती की वर्गाचा राग येत होता, कोण जाणे... तेवढ्यात मागच्या बाकावरून हात वर झाला. परवानगी मिळेपर्यंत सर थांबले, मग उठले. "अध्यक्ष महाराज, हसण्यासारखं काय आहे ते जनतेला कळलेलं नाही. जिथे आपलं काम निघालंय असं कळलं तिथे या बाया आल्या. हे तर आपण वर्षभर शिकतो आहोत. यांना बोलू द्यायचं की नाही हे सभेने ठरवावं." मत घेतलं. बोलू द्यायचं ठरलं.

प्रभाकर त्या दिवशी नळखात्याचा प्रमुख होता. तो ऐटीत उठला आणि हातातला कागद वाचू लागला. अंदाजपत्रक, जुनी पाइपलाइन, वाढती वस्ती. काशीआत्याने थोडं ऐकून घेतलं.

"हे तू वाचून राहिला," ती म्हणाली. "माह्याकडे पाहून बोल ना गा."

प्रभाकरने कागद खाली ठेवला. तोही काही कच्च्या गुरूचा चेला नव्हता. "बरं, पाहून विचारतो. नळ आपोआप बंद पडला का, आत्या? का भांडणात कुणी तोटी मोडली?"

घागरी खाली टेकल्या. मग मागून एकीने दुसरीचं नाव घेतलं, दुसरीने पहिलीच्या सासूचं काढलं, आणि भर सभेत मोहल्ला उतरला. अध्यक्ष घंटी बडवतोय, बायका एकमेकींच्या अंगावर जातायत आणि सर मागे आनंदाने मांडी घालून बसलेत! शेवटी सगळ्यांचा दम संपल्यावर ठराव दुरुस्त झाला. नळखात्याने नळ सुरू करावा, आणि पाणी भरायच्या पाळ्या मोहल्ल्यातल्या बायकांनी ठरवून त्या पाळाव्यात. एवढा नेटका ठराव आमच्या सभेने त्याआधी केला नव्हता.

"मंग?" आत्याने विचारलं. "नळ कवा येते?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. मला उठावं लागलं. "आत्या, ही खरी सभा नाही. आम्ही इथं शिकून राहिलो."

तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मला वाटलं, आता ही मला इथेच झोडपते. पण ती घागर कमरेवर घेत म्हणाली, "बरं झालं सांगतलं. मंग खरी कुठं हाये? तिथं चाला."

सरांनी हात वर केला, पण त्यांना बोलायची गरजच पडली नाही. सोमवारी आम्ही सगळे नगरसभेत गेलो. पुढे मी, प्रभाकर आणि ठरावाची नक्कल, मागे घागरी. कचेरीत अर्ज कुणाकडे द्यायचा, पोच कशी मागायची, साहेब जेवायला गेलेत म्हटल्यावर कुठे बसून राहायचं, हे आम्ही त्या आठवड्यात शिकलो. सरांनी त्या सत्राचे निबंध रद्द केले आणि त्याऐवजी जे झालं ते लिहून आणायला सांगितलं. कुणी कुणाला काय म्हटलं आणि काम कुठे अडलं, सगळं. नळ सुरू झाला तो पावसाळा तोंडावर आल्यावर. आमच्यामुळे झाला का, कोण सांगणार? मोहल्ल्यात एका पुढाऱ्याने येऊन हार घालून घेतला. काशीआत्याने त्याला पाणी भरायची पाळी लावून घ्यायला सांगितलं.

कॉलेजात मात्र भडका उडाला. खानझोडे पोरांना घेऊन मोर्चे काढतात अशी तक्रार नियामक मंडळाकडे गेली. प्राचार्यांनी मला आणि प्रभाकरला बोलावून सांगितलं, "राजकारण शिकायचं असतं, करायचं नसतं." मी म्हटलं, "सर, मग पोहणं काय काठावर बसून शिकायचं?" त्यावर मला बाहेर काढण्यात आलं. सरांची नोकरी तेव्हा कायम व्हायची होती. मंडळाची अट साधी होती. शनिवारची सभा बंद करावी, इतरांप्रमाणे नोट्स द्याव्यात, लगेच कायम करू. सरांना दोन मुलं होती, महाल भागात भाड्याचं घर होतं. हो म्हटलं असतं तर कुणी नाव ठेवलं नसतं. त्यांनी मंडळाला उत्तर दिलं की सभा माझी नाही, वर्गाची आहे, मला ती बंद करता येत नाही. आणि शनिवारी येऊन ही अट जशीच्या तशी आमच्यापुढे ठेवली. सर काही झाकून ठेवत नसत.

त्या शनिवारी अध्यक्षाच्या खुर्चीत मी होते.

प्रभाकरने ठराव मांडला : ही सभा आजपासून बंद करण्यात यावी. नियमाप्रमाणे पटतं त्याच्या उलट बोलायचं होतं, पण तो म्हणाला, "आज मी नियम मोडतो आहे. मला सर हवेत. सभा पुन्हा कधीही भरवता येईल." बरेच जण रडत होते. विरुद्ध बाजूनेही बोलणारे बोलले. मग मागच्या बाकावरून हात वर झाला. सगळा वर्ग माझ्याकडे पाहू लागला. मला सरांचं म्हणणं ऐकायची केवढी इच्छा होती! त्यांनी नुसतं "बंद करा" किंवा "करू नका" म्हटलं असतं तर आम्ही सुटलो असतो. पण विषय त्यांच्या नोकरीचा होता, आणि ज्याचा स्वतःचा संबंध आहे त्याने त्या विषयावर बोलू नये हा नियम त्यांनीच आम्हाला शिकवला होता. मी म्हणाले, "माननीय सदस्यांचा या विषयात व्यक्तिगत संबंध आहे. परवानगी नाही." सरांनी हात खाली घेतला. ते हसले... तसं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

मतं समसमान पडली. म्हणजे निकाल अध्यक्षाच्या मतावर आला. मी म्हणाले, "अध्यक्षांचं मत ठरावाच्या विरुद्ध. ठराव नामंजूर. सभा सुरू राहील." प्रभाकर बाक लाथाडून बाहेर गेला आणि पुढे कित्येक महिने माझ्याशी बोलला नाही. सर उठले, चप्पल घातली आणि विचारलं, "पुढच्या शनिवारी विषय काय?"

वर्ष संपलं आणि सरांची नोकरी गेली.

मी त्यांच्या घरी गेले तेव्हा काकू सामान बांधत होत्या. त्यांनी मला बस म्हटलं नाही. "तुझं काय जाते वं?" त्या म्हणाल्या. "तू हात वर केला, अन् माह्या लेकरायले शाळा बदलावी लागून राहिली." सर आतून म्हणाले, "तिने हात वर नाही केला. ती अध्यक्ष होती." काकूंनी तांब्या जोरात आदळला. मग चहाही ठेवला. मी तो प्यायले. आजही लोक मला विचारतात, तेव्हाचं वाईट वाटतं का? काकूंचं वाटतं. त्या मुलांचं वाटतं. माझ्या मताचं वाटत नाही. काकू चुकीच्या नव्हत्या, पण मीही नव्हते. सभा बंद करून सरांना वाचवलं असतं तर एक नोट्स देणारा माणूस वाचला असता, आणि तसे तिथे पुष्कळ होते. नुसते सर ठेवून बाकी सगळं गमावणं मला मंजूर नव्हतं, आजही नाही. ज्यांना हे निष्ठुर वाटेल त्यांनी खुशाल वाटून घ्यावं.

सर रामटेकला हायस्कुलात लागले. तिथेही शनिवार सोडले नाहीत. मी शेवटची गेले तेव्हा दम्याने त्यांना धड बोलवत नव्हतं. तरी पडवीत पोरांची सभा भरलीच होती, यात्रेनंतर तळ्याकाठचा कचरा कुणी उचलायचा यावर. एक पोरगा तर भक्तांच्या बाजूने असा तावातावाने बोलत होता की मला हसू आवरेना. राजधानी नागपुरातून गेली होती, त्यावर मी हळहळले तर सर म्हणाले, "इमारत राहिली ना? अन् पोरं हायेत. मंग काय गेलं?" निघताना मी धीर करून म्हटलं, "सर, त्या दिवशी मी तुम्हाला बोलू दिलं नाही. तुम्ही काय म्हणणार होतात?" त्यांनी धाप आवरली. "अध्यक्षाच्या निर्णयाची सभागृहाबाहेर चर्चा करायची नसते," ते म्हणाले, आणि काकूंना हाक मारली, "हिला फराळाचं काही दे गं." काकूंनी चिवडा बांधून दिला. देताना माझ्या पाठीवर हात ठेवला.

प्रभाकर बातमी सांगून गेला तो शुक्रवार होता. मी शिकवते तिथेही शनिवारी दुपारी बाकं सरकवली जातात. प्राचार्य डोळेझाक करतात, कधी करत नाहीत. त्या शनिवारी मी फळ्यावर लिहून ठेवलं की दुखवट्यामुळे आज सभा होणार नाही, आणि स्टाफरूममध्ये जाऊन बसले. थोड्या वेळाने एक मुलगी मला न्यायला आली. उमरेडकडची, साळू नावाची, नेहमी वेळेवर येणारी आणि क्वचितच गप्प बसणारी. वर्गात गेले तर बाकं सरकवलेली, सगळे जागेवर, अध्यक्षाच्या खुर्चीत साळू.

"बाई, सभा बंद करायचा अधिकार तुमाले एकटीले कोणं देल्ला?"

"माझे सर गेलेत गं," मी म्हटलं.

"आमाले माहीत हाये, बाई. आमालेही वाईट वाटून राहिलं. पण बंद ठेवायची असन तर ठराव मांडा."

मी मांडला. आजची सभा दुखवट्यासाठी तहकूब करावी. सरांबद्दल बोलले. किती वेळ बोलले आठवत नाही. नळाचं सांगितलं, त्या मताचंही सांगितलं. बोलता बोलता रडले आणि रडता रडता बोलले. मग एक मुलगा विरोधात उठला, घाबरतच. म्हणाला, "बाई, सर गेले म्हणून सभा बंद झाली, तर मग ती सरांचीच होती म्हणावं लागेल. आमची कधी नव्हतीच." एवढं बोलून खाली बसला.

मत घेतलं. माझ्या बाजूने मोजके हात वर झाले, तेही मला वाईट वाटू नये म्हणून. बाकी सगळा वर्ग माझ्या विरुद्ध. मी त्या हातांकडे पाहत उभी राहिले. ही पोरं सरांना कधी भेटली नव्हती, त्यांचा आवाजही यांनी ऐकला नव्हता... आणि सर गेल्याचं कळल्यापासून पहिल्यांदा माझा श्वास नीट झाला.

"ठराव नामंजूर," साळू म्हणाली. तिने घंटी वाजवली आणि समोरचा कागद ओढून घेतला. "आता आजचा विषय. बाई, खाली बसा."